एक जूनची माणसं

कोथरूड,
८ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप मामा,
सा. न. वि. वि.

आई म्हणाली की तुमच्या कानाचं यंत्र हल्ली फोन लावला की नुसतं शिट्ट्या मारतं, आणि मोबाइल तर तुम्ही घेणार नाही. म्हणून शाळेनंतर पहिल्यांदाच शाईपेन काढलंय. कोथरूडहून खडकवासल्याला बस तासाभरात येते, पत्राला पाच दिवस लागतील असं पोस्टातल्या बाई म्हणाल्या. त्यांना त्यात काही वाटलं नाही.

नोकरी चालू आहे. दोन वर्षं सोडून जाणार नाही असं लिहून दिलंय, ते तुम्हाला माहीत आहेच. काल कंटाळून मी माझ्याच प्रोग्रॅमला विचारलं, सुटकेला किती दिवस? म्हणाला, ५३९. एवढं पटकन उत्तर द्यायची काही गरज नव्हती.

काम तारखांचं आहे. भोसरीकडच्या एका मोठ्या कारखान्याची जुनी कामगार-नोंद नव्या सिस्टीममध्ये आणायची. कोण कधी लागला, कोण कधी निवृत्त होणार, सगळं आता आपोआप निघणार. मी आणि तारखा, दिवसभर एवढंच. कोणी दिवस आधी लिहिलाय, कोणी महिना आधी, कोणी तर ३१ एप्रिललाही जन्मलाय.

पण गंमत ऐका. साडेअकराशे कामगारांत तीनशे बारा जणांचा जन्म एक जूनचा! वर्षं वेगवेगळी, दिवस एकच. मी लगेच ओळखलं. जुन्या सिस्टीममध्ये तारीख भरली नाही की ती आपणहून एक जून टाकत असणार. कचरा डेटा. मी चार ओळी लिहिल्या आणि सगळे एक जून पुसून रकाने रिकामे केले. श्रीनिवास सर, म्हणजे आमचे मॅनेजर, पहिल्यांदा मला 'गुड' म्हणाले.

आईने मेतकूट दिलंय, कोणी तिकडे येणारं भेटलं की पाठवते.

तुमची,
अवनी

•

खडकवासला,
१५ फेब्रुवारी २०२६

चि. अवनीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. अक्षर वाईट आहे, पण आहे हेच पुष्कळ. 'तीर्थरूप' फक्त आईवडिलांना लिहितात. मामाला 'तीर्थस्वरूप'. तारखांच्या कामातल्या मुलीला एवढा बारकावा झेपायला हरकत नाही.

आता मुद्द्याचे. तू जो कचरा पुसलास तो यंत्राने केलेला नाही. तो आम्ही मास्तर लोकांनी केलेला आहे.

खेड्यातली बाई पोराला घेऊन शाळेत यायची. जन्मतारीख विचारली की सांगायची, भात लावणीच्या वेळचा आहे, किंवा मोठा पूर आला त्या साली झाला. फॉर्मवर 'भात लावणी' लिहिता येत नाही. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि पोराला सहा वर्षे पुरी पाहिजेत. मग आम्ही त्या वर्षातून सहा वजा करायचो आणि ठोकून द्यायचो, एक जून. महाराष्ट्रभर हेच. माझी स्वतःची तारीखही एक जूनच आहे, माझ्या मास्तरांनी घातलेली. तुझी आई दरवर्षी त्या दिवशी मला श्रीखंड पाठवते, ते कशाबद्दल असते असे तुला वाटत होते?

तेव्हा ती तीनशे बारा माणसे खरी आहेत आणि तेवढीच त्यांच्याजवळची तारीख आहे. रिकाम्या रकान्याचे यंत्र काय करते, ते कळव.

तुझा,
मामा

•

कोथरूड,
२२ फेब्रुवारी २०२६

तीर्थस्वरूप मामा,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र जिन्यातच उभी राहून वाचलं आणि तशीच ऑफिसला पळाले. यंत्र काय करतं ते सांगते, हसू नका.

कॉम्प्युटर तारीख लक्षात ठेवत नाही. तो फक्त सेकंद मोजतो, १ जानेवारी १९७० पासून. तो त्याचा शून्य. त्याच्या पुढचं सगळं अधिक, मागचं सगळं वजा. मी रकाना रिकामा केला आणि माझ्या प्रोग्रॅमने रिकाम्याला शून्य समजलं. म्हणजे ते तीनशे बाराही जण आता १ जानेवारी १९७० ला जन्मलेत. तेही पहाटे साडेपाचला, कारण तो शून्य लंडनच्या मध्यरात्रीचा आहे.

त्यात संतोष नावाचा एक फिटर अडतीस वर्षांचा आहे. सिस्टीमनं त्याला छप्पन्नचा केलाय आणि पुढच्या वर्षीच्या डिसेंबरअखेर अठ्ठावन्न पूर्ण म्हणून घरी पाठवणार आहे. उलट, या ३१ मेला जे निवृत्त व्हायचे ते यादीतून गायबच. दरवर्षी ३१ मेला वीसपंचवीस जण जातात म्हणे, आणि या वर्षी शून्य. त्या शून्यावरूनच श्रीनिवास सरांच्या लक्षात आलं. मला केबिनमध्ये घेऊन दार लावलं आणि म्हणाले, "कोणाला बोलायचं नाही. कारखान्याला कळायच्या आत गपचूप फिरव."

जुनी प्रत माझ्याकडे आहे, फिरवता येईल. पण मामा, मला खूप लाज वाटली. माणसं पुसली मी, आणि 'गुड' घेतलं.

तुमची,
अवनी

•

खडकवासला,
१ मार्च २०२६

चि. अवनीस,
अनेक आशीर्वाद.

म्हणजे तुमच्या यंत्रालाही माहीत नसले की ते एक तारीख ठोकून देते. आमचा एक जून, त्याचा एक जानेवारी. आम्हाला निदान पगार कमी होता.

हसून झाले. आता एक काम सांगतो आणि ते सांगताना मला बरे वाटत नाही.

त्या कारखान्यात हिंदुराव नावाचा माणूस आहे, क्रेन चालवतो. माझा पहिला विद्यार्थी. १९७४ साली मी एकवीस वर्षांचा, धरणाच्या वरच्या अंगाला एकशिक्षकी शाळेवर होतो. त्याची आई मुक्ताई खडीच्या खाणीवर कामाला होती, नवरा नव्हता. ती पोराला घेऊन आली. म्हणाली, "सुरुंग लावत्यात तितं. ह्येला कुटं ठिवू गुरुजी? शाळंत घ्या." मी विचारले, कधीचा? म्हणाली, "दत्ताच्या पुनवंला झालाय बगा. कोयनंचा धरणीकंप झाला, त्येच्या फुडल्या फुडल्या वर्साला."

कोयनेचा भूकंप १९६७चा, म्हणजे ही १९६९ची दत्तजयंती. पोर साडेचार वर्षांचे होते. मला त्या बाईची दया आली. मी लिहिले, १ जून १९६८. सहा वर्षे पूर्ण.

मुक्ताई जाऊन वीस वर्षे झाली. तिने सांगितलेले मी कोणाला बोललो नाही, हिंदुरावालाही नाही. काल जुने पंचांग काढले. त्या वर्षीची दत्तजयंती २३ डिसेंबरला होती. तुझ्या यंत्राने चुकून घातलेली तारीख खऱ्या तारखेपासून नऊ दिवसांवर आहे. माझी दीड वर्षावर.

या ३१ मेला तो घरी बसेल. कंपनीची खोली सोडावी लागेल. नोकरी संपत आल्यावर जन्मतारीख बदलून देत नाहीत, मी वकिलाला विचारले. अवनी, बाकीच्या तीनशे अकरा जणांचे सगळे पूर्ववत कर. ही एक ओळ तेवढी राहू दे.

तुझा,
मामा

•

कोथरूड,
१० मार्च २०२६

तीर्थस्वरूप मामा,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा रागच आला. सहावीत असताना मी वहीत एका दिवसाची तारीख मागची घातली होती, उशीर झाला ते कळू नये म्हणून. तुम्ही ते पान माझ्यासमोर फाडलंत. आणि आता मला हे सांगता?

दोन दिवस मी स्वतःशीच भांडत होते. हे खोटं आहे. मग वाटलं, खोटं कुठलं? कागदावरची तारीख की माझी चूक? मी हिशेब केला. तुम्ही हिंदुरावांच्या वयात जे वाढवलंत ते बरोबर ५७० दिवस आहेत. माझ्या सुटकेला अजून ५०८ आहेत आणि मला ते संपत नाहीत असं वाटतं. त्यांचे ५७० मी माझ्या हाताने कापू?

आणि खरं सांगू, तुम्ही माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. हे पहिलंच.

काल संध्याकाळी जुन्या प्रतीतून तीनशे अकरा तारखा परत घातल्या. संतोष पुन्हा अडतीसचा झाला. एक ओळ सोडली. यादीत हिंदुराव आता ३१ डिसेंबर २०२७ ला निवृत्त होतात.

हे पत्र वाचून फाडून टाका. ते तुम्हाला जमतं.

तुमची,
अवनी

•

खडकवासला,
१७ मार्च २०२६

चि. अवनीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र फाडले. शेवटचे वाक्य लागले, आणि लागायलाच हवे होते.

काल रविवार नसूनही हिंदुराव आला होता, खोकल्याची सुट्टी काढून. मला राहवले नाही. म्हटले, तुमच्या कंपनीत तारखांची दुरुस्ती चालली आहे, तुला अजून दीड वर्ष आहे असे कानावर आले. का, कसे, काही सांगितले नाही. तो जागचा उठला. मग डाव्या कानाशी येऊन ओरडला, "खरं का गुरुजी?" मी मान हलवली. हा माणूस पंधरा मीटर वर बसून वितळलेल्या लोखंडाची बादली हलवतो, आणि माझ्या पडवीत लहान पोरासारखा रडला.

त्याने वारजेला एक खोली धरून ठेवली होती, जूनपासून राहायला. ती आजच सोडतो म्हणाला. मुलगी नम्रता नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिचे शिकणे कंपनीच्या खोलीतूनच पुरे होईल.

बावन्न वर्षांनी मला शांत झोप लागली. तुझे आभार कसे मानू हे कळत नाही, म्हणून मानत नाही.

तुझा,
मामा

•

खडकवासला,
१२ एप्रिल २०२६

चि. अवनीस,
आशीर्वाद.

चार आठवडे होत आले. पोस्टमनला विचारले, तो म्हणतो पत्र नाही. त्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो, कारण तुझ्यावर ठेवून पाहिला.

आजारी असलीस तर आईकडून कळव. कामात असलीस तर तसे लिही. दोन्ही नसलीस तर फारच लवकर लिही.

मामा

•

कोथरूड,
३० एप्रिल २०२६

तीर्थस्वरूप मामा,

हे पत्र पाच वेळा लिहून फाडलं. आता तुमच्यासारखंच मलाही जमायला लागलंय.

हिंदुराव ३१ मेला निवृत्त होतायत. मी त्यांना वाचवू शकले नाही.

१८ मार्चला श्रीनिवास सरांनी मोजदाद केली. साधी गोष्ट होती, मला सुचायला हवी होती. आधी एक जूनवाले किती होते? तीनशे बारा. आता किती? तीनशे अकरा. ते येऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. "एक कुठाय?" मी म्हटलं, राहिला असेल चुकून. म्हणाले, "मग टाक. आत्ता. मी बघतोय."

मामा, मी बोलू शकले असते. म्हणू शकले असते की ही तारीख चुकीची आहे, माझ्या मामांनी घातलेली आहे, हिंदुरावांच्या आईने दुसरं सांगितलं होतं. वाटलं, आत्ता बोलले तर जाणूनबुजून केलंस म्हणतील, काढतील, वर बॉण्डचं प्रकरण, आणि तुमचंही नाव निघेल. आमच्या प्रोग्रॅमच्या भाषेत महिने शून्यापासून मोजतात, म्हणून जून लिहायला पाच लिहावे लागतात. मी लिहिलं, १९६८, ५, १. सर म्हणाले, "गुड."

तुम्ही ते टाकाने लिहिलंत, मी कळफलकावर. तुमच्यासमोर निदान एक रडवेली बाई उभी होती. माझ्यासमोर कोणी नव्हतं. मी भित्री आहे, एवढंच कारण आहे.

तुमचं १७ तारखेचं पत्र त्यानंतर चार दिवसांनी आलं. पडवी, रडणं, वारजेची खोली. ते वाचल्यावर मी लिहू शकले नाही. रोज वाटायचं उद्या लिहीन. दिवसभर दिवस मोजण्याचं काम करते आणि मला हे कळत नव्हतं की तुमच्या तिथेही तेवढेच जातायत.

कारखान्यातून नोटीस आज निघाली. त्यांना ती मिळायच्या आत हे पत्र पोचावं म्हणून कुरिअरने पाठवतेय. मला अजून ४५७ दिवस आहेत. आता शिक्षा म्हणून ते कमीच वाटतात.

मला रागवा. पण लिहा.

अवनी

•

खडकवासला

चि. अवनीस,
अनेक आशीर्वाद.

वर तारीख घातलेली नाही. आयुष्यात पुष्कळ घातल्या.

तुझ्यावर रागावलो नाही. रागवायला जी जागा लागते ती माझ्याकडे शिल्लक नाही. भित्री म्हणून स्वतःला मारून घेऊ नकोस. भीती कशी असते ते मला चांगले माहीत आहे, आणि आज तेच सांगायला बसलो आहे.

नोटीस त्याला तुझ्या पत्राच्या आदल्या दिवशीच मिळाली. मी त्याला घेऊन कारखान्यात गेलो. तिथले गृहस्थ भले होते. चहा दिला, माझ्या कानाशी वाकून बोलले. शाळेच्या रजिस्टरचा उतारा आणा, म्हणाले. रजिस्टरात काय आहे? माझेच अक्षर. मी सांगितले की ते खोटे आहे, मीच लिहिले आहे. ते म्हणाले, गुरुजी, लेखी पुराव्यापुढे तोंडी चालत नाही. माझ्या अक्षरापुढे माझे तोंड चालले नाही.

हिंदुराव तेव्हा बाहेर बाकावर होता. त्याला काही कळले नाही.

कंपनीची खोली ३१ मेला गेली. वारजेची दुसऱ्याच कोणी घेतली होती. म्हणून त्याचे सगळे सामान आता माझ्या पडवीत आहे, आणि तो, त्याची बायको आणि नम्रता बाहेरच्या खोलीत राहतात. मीच आग्रह केला. सकाळी उठून दार उघडले की पहिला तोच दिसतो. तो मला 'गुरुजी, पाणी तापलंय' म्हणतो.

आता तू वाचलेस त्यातले एक दुरुस्त कर. मी लिहिले होते की मुक्ताईची दया आली. दया आली होती, पण तारीख दयेने घातली नाही. त्या वर्षी शाळेच्या पटावर एकोणीस मुले होती. वीस भरली नाहीत तर शाळा बंद होणार आणि माझी नवी नोकरी जाणार, असे तपासणीला आलेले साहेब सांगून गेले होते. मुक्ताई आली त्याच आठवड्यात. मी तिला म्हणू शकलो असतो की पोराला नुसते बसू दे वर्गात, नाव दोन वर्षांनी घालू. मी नाव घातले. हिंदुराव विसावा. हे मी तुझ्या मामीलाही कधी सांगितले नाही.

दरवर्षी एक जूनला तो माझ्याकडे पेढे घेऊन येतो. त्याचा वाढदिवस आणि माझाही. चाळीस वर्षे चुकला नाही. या वर्षीही आला, बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत, आठ पावले चालून. नवा सदरा घातला होता. पाया पडला आणि पुडा उघडला.

तेव्हा मी सांगितले. धरणीकंप, दत्ताची पुनव, त्याची आई काय बोलली ते शब्द न् शब्द. आणि वीसचा पटही.

तो बराच वेळ बोटे मोजत होता. मग माझ्या डाव्या कानाशी आला. "म्हंजी मी अजून छप्पनचाच हाय?" मी हो म्हटले. म्हणाला, "मंग मदली दीड वर्सं कुटं गेली, गुरुजी?" मला ऐकू आले होते, तरी मी नीट ऐकू आले नाही असे दाखवले. त्याने पुन्हा ओरडून विचारले. बाहेरच्या खोलीतून त्याची बायको आली, नम्रता आली, कुंपणापलीकडे दूधवाला थांबला.

मी म्हटले, "माझ्या नोकरीत गेली."

त्याने माझ्या हातावर पेढा ठेवला, कारण काढलेला होता. पुडा बंद केला, त्याची सुतळी होती तशीच बांधली, आणि दारापर्यंत गेला. तिथून परत आला. रागाने नाही ग, अगदी शाळेत सुट्टी कधी लागणार ते विचारायचा तसे विचारले, "मंग आता फुडच्या बारीला पेढं कवा आणू?"

तो पेढा अजून माझ्या टेबलावर आहे. त्याला काय सांगू, ते तुला सुचले तर लिही.

तुझा,
मामा